शेजारची बाटली

रेवतीच्या अंगठ्यानं झाकण उघडलं. आप्पांच्या श्वासयंत्राच्या हवेला ओल देणाऱ्या बाटलीत तिनं पाणी ओतलं. शेजारच्या खाटेवरच्या खोतकाकांच्या बाटलीतलं पाणी मात्र तळाला गेलं होतं.

"सिस्टर, त्यांच्यात मी घालू?"

"ते झाकण फक्त रक्ताच्या नात्यालाच उघडतं, ताई. मुलानं येणं सोडलंय. पाणी संपलं की यंत्र बंद, कायदाच आहे तसा."

बोलता बोलता शेवटचा बुडबुडा फुटला आणि खोतकाकांची छाती थांबली. रेवती आप्पांकडे वळली.

"आप्पा, घाबरू नका हं. मी रोज येईन."

आप्पांचे फक्त डोळे हलायचे. ते त्या कोरड्या बाटलीवर खिळले होते. मधुमेह झाल्यापासून पंगतीत ते शेजारच्या ताटातल्या जिलबीकडे बघायचे, अगदी तसे.