लवूचा गुडघा
या, असे जवळ सरकून बसा, एक आख्यान ऐकवतो. शहाऐंशी साल. आमच्या विक्रोळीच्या फुटबॉल टीमचा लवू मॅच रंगात आली की गुडघा धरून खाली बसायचा. दर वेळी आम्ही म्हणायचो, आणखी एक मॅच खेळू दे बिचाऱ्याला. शेवटी कॅप्टन गुणाजी चिडला, "कायमचा लंगडा झाल्यावर थांबवणार काय रे त्याला?" लवूला सांगायचं काम आमच्या कोचवर, नानांवर आलं. नाना मारुतीच्या देवळात कीर्तनाला पेटीवर बसायचे.

तिथेच त्यांनी सगळ्या टीमसमोर लवूला बुक्का लावला, गळ्यात फुलांचा हार घातला. लवूचे डोळे भरले.

"म्हणजे संपलं ना, नाना?"

"येडा की काय तू! कीर्तनात बुवांना हार कधी घालतात रे?"

"मधे. पूर्वरंग झाल्यावर."

"मग? तुझा उत्तररंग राहिलाय अजून. उद्या सकाळी मैदानावर ये. नव्या पोरांना आता तू शिकवायचंस."

कधी कीर्तनात बुवांच्या गळ्यात हार पडला, की आमच्या लवूची तेवढी आठवण काढा.