मोकळ्या वाळूतला वळसा

अलिबागला मी मुलांना व्हिडिओ गेम बनवायला शिकवतो. बारा वर्षांत जवेरियासारखी नजर मी पाहिली नाही. पहिल्याच प्रोजेक्टमध्ये तिने आपल्या काशीदचा किनारा उभा केला. सुरूची झाडं, घोडेवाले, ओल्या वाळूवरची चमक, सगळं हुबेहूब.

चूक एकच दिसली. झाडांपासून पाण्याकडे जाताना गेममधला प्रत्येक माणूस मोकळ्या वाळूतच एका जागी वळसा घालायचा.

"इथे न दिसणारा अडथळा राहिलाय. काढून टाक, नाहीतर मार्क जातील," मी म्हणालो.

"अडथळा नाहीये, सर. महिनाभर बसून लोकांच्या वाटा टिपल्या, तशाच चालवल्यात. तिथून कोणीच जात नाही."

"का?"

"अब्बांना विचारलं. ते म्हणतात, आम्ही सरळच जातो की."

रविवारी सकाळी मी काशीद गाठलं. मुंबईहून सहलीला आलेली माणसं, कुत्री, घोडेसुद्धा त्याच जागी वळत होते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नव्हतं. किती बारीक पाहिलं होतं या पोरीने.

जवेरिया पाण्याजवळ उभी होती. तिच्यावरची नजर न हलवता मी झाडांपासून नाकासमोर चालत गेलो.

"बघ, आलो की सरळ."

ती माझ्या मागच्या वाळूकडे बघत राहिली.

मी वळून पाहिलं. माझ्या पावलांचा वळसा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होता.