त्या सालचं तट्टू

"तट्टाचं काय सांगायचं, पोरी?" चंद्राबाईंनी समोर रेकॉर्डिंगला ठेवलेल्या मोबाइलकडे संशयानं पाहिलं. "इंग्रजीत गेलं म्हून काय वझं कमी झालं व्हय त्याचं?"

उत्कर्षा हसली. ती सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. जुने गोरे साहेब लहानखुऱ्या घोड्याला 'टॅट' म्हणत, आणि हा शब्द त्यांनी इकडच्या तट्टूवरून उचलला होता. त्यावर लेख लिहायचा म्हणून ती म्हसवडला आजीकडे आली होती. निदान सांगायला तरी तेवढंच कारण होतं.

खरं कारण वेगळं. घरची माणसं मेंढरं घेऊन कडेगावकडे उतरताना वाटेतच ती जन्मली आणि तिची आई गेली. तिला मिरजेच्या मावशीनं वाढवलं. आई कशी होती, हे इथं कुणीच सांगत नसे. विषय निघाला की आजीला नेमकी कोकरं आठवायची. तट्टाच्या निमित्तानं आजी त्या वाटेला लागली, तर आईपर्यंतही पोचेल, एवढीच वेडी आशा.

"मी जन्मले त्या सालचं तट्टू सांग."

म्हातारीनं मोबाइलवरची नजर काढून नातीकडे पाहिलं.

"लय गुणाचं. बाप्ये मेंढरांमागं, आमी बायका बिऱ्हाड घिऊन पुढं. भांडी, घोंगडी, कोंबड्यांचं खुराडं, समदं त्याच्यावरच. चढाला धाप लागायची, पर खाली बसलं न्हाई."

"थोडं उतरवायचं ना आजी."

"उतरवू दील तर! मान हलवायचं नि चालाय लागायचं. सांजचं मातर माझ्या खांद्याला डोस्कं टेकून उभं ऱ्हायचं."

"मग?"

"कडेगावाच्या अलीकडं, उसाच्या कडंला गुडघ्यावर आलं. मी वझं काढलं, पानी पाजलं. पानीबी गिळवंना त्याला." चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना हुंदका आवरेना.

उत्कर्षाला संताप आला. सून गेली त्या वाटेवरचं हिला जनावर आठवतं, रडू येतं तेही जनावराचं!

तिनं मोबाइल बंद केला.

"आजी, एका तट्टासाठी एवढं रडतेस. माझ्या आईसाठी तुझ्याकडे एक शब्दही नाही का गं?"

चंद्राबाईंनी नातीचा हात दोन्ही हातांत धरला.

"त्या साली आमच्याकडं तट्टू न्हवतंच, बाय."