मुकं फाटक

एकात एक घट्ट बसलेले दोन काचेचे ग्लास म्हाताऱ्याने हातात घेतले. त्यांच्या फटीत तेलाच्या स्प्रेच्या डब्याची बारीक नळी टेकवली आणि बटण दाबलं. जरा थांबून हलकेच पीळ दिला, तसे ग्लास सुटे झाले.

"सख्खे भाऊसुद्धा इतके निमूट वेगळे होत नाहीत," तो म्हणाला.

लेक हसली, पण तिचा कान बाहेर फाटकाकडे होता.

म्हाताऱ्याची हयात शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेली होती. हा स्प्रे त्याला उतारवयात भेटला, आणि नातवाचं कौतुक सांगावं तसं तो त्याचं सांगायचा. सकाळी न कळवताच तो लेकीकडे आला आणि तेव्हापासून घरभर फिरत होता. बरणीवरचा चिकट कागद निघाला. पिशवीची अडलेली चेन धावू लागली. ओट्याखालचा ड्रॉवर ओढायला दोन्ही हात लागायचे, तो आता एका बोटाने सरकत होता. झोपायच्या खोलीच्या कडीपाशी मात्र तो थांबला. तिचे स्क्रू ढिले झाले नव्हते, लाकडासकट उपटून आले होते. त्याने विचारलं, तर लाकूड ओलीने फुगलं असं लेक म्हणाली. फुगलेलं लाकूड स्क्रू आवळून धरतं, हे त्याला माहीत होतं. त्याने कडी थोडी खाली नव्याने बसवली आणि विषय काढला नाही.

नवरा यायच्या आत निघा, असं तिने बाबांना सांगून ठेवलं होतं. त्यांची पाठ धरलीय, पाहुणा दिसला की चिडतात, म्हणाली. खरं वेगळं होतं. माहेरचं कुणी घरात दिसलं तर हात मोडीन, असं तो बोलला होता, आणि बोललेलं तो करायचा. म्हणून तिने बाबांच्या चपला गुपचूप मागच्या दारी नेऊन ठेवल्या होत्या. बाकी भिस्त फाटकावर. ते लोखंडी फाटक कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं किंचाळायचं. ते किंचाळल्यापासून नवऱ्याचा हात दाराला लागेपर्यंत रेडिओ बंद करायला, टेबल आवरायला, चेहरा नीट करायला तिला रोज वेळ मिळायचा. आज तेवढ्यात बाबांनाही मागून बाहेर काढता आलं असतं.

ती मागे वाळलेले कपडे काढायला गेली. कवळाभर कपडे घेऊन आत आली, तेव्हा बाबा फडक्याला हात पुसत होते.

"तुझं फाटक जाऊन बघ, पोरी. काय कोकलत होतं ते. आता मांजराच्या पावलाने उघडतंय."

ती होती तिथेच थांबली.

"बाबा, चपला घाला. मागे आहेत. आत्ताच्या आत्ता निघा."

"अगं, निदान चहा तरी..."

"घाई कसली, सासरेबुवा?"

जावई दारात उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर नीट ठेवलं आणि बाह्या दुमडल्या. मग, शेजाऱ्याची चूक दाखवावी तशा साध्या आवाजात तो सासऱ्याला म्हणाला, "त्या फाटकाला मी मुद्दाम तेल घालत नव्हतो. हिला घाबरायला वेळ मिळावा म्हणून."

त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचं कपाळ कपाटावर आपटलं. पुन्हा आपटलं. म्हाताऱ्याने त्याचा सदरा धरला, तर कोपर तोंडावर बसलं. तो ओट्यावरच्या ग्लासांसकट खाली आला. त्याच्या तळव्यात काच घुसली.

जावयाने ड्रॉवर ओढला. ड्रॉवर बोटासरशी आला.

"काम छान केलंय," तो म्हणाला. त्याने तिची चार बोटं ड्रॉवरच्या कडेवर ठेवली आणि गुडघ्याने ड्रॉवर लोटला. ड्रॉवर कुठेच अडला नाही. लहानसा आवाज झाला, मशीनची सुई तुटते तेवढाच. ती ओरडली नाही. हिला सवय आहे, हे म्हाताऱ्याला त्या क्षणी कळलं.

जावयाने ड्रॉवर परत उघडला.

म्हातारा ओट्याला धरून उठला. रक्ताळल्या हाताने त्याने डबा उचलला. सुईखाली तेलाचा थेंब सोडताना धरायचा तसा नेम धरला आणि जावयाच्या एका डोळ्यात फवारा सोडला. मग दुसऱ्यात. जावई मागे हटला, तसा म्हातारा पुढे सरकला आणि जावयाच्या हनुवटीवरून फेस गळू लागला तरी बटण सोडलं नाही. जावयाचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलं. तो गुडघ्यांवर आला. डोळे चोळत गुरासारखा हंबरला. मग ओकला.

"पाणी," तो म्हणाला. "अगं, पाणी दे. कुठेयस तू?"

या हाकेला ती रोज हाक पुरी व्हायच्या आत ओ द्यायची. आता ती हातभर अंतरावर उभी होती. मोडलेला हात छातीशी धरलेला, आणि पाठीला नळ लागत होता. त्याचे हात काचांतून चाचपडत तिच्या पायापाशी आले. तिने पाऊल मागे घेतलं.

म्हाताऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं. तिने चांगला हात त्याच्या तोंडावर ठेवला.

"आहेस ना? बोल ना गं," तो म्हणाला. त्याने दाराकडे तोंड केलं. तिकडून काही आलं नाही. मग तो खिडकीकडे वळला आणि तिथे कुणी उभं आहे असं समजून विनवण्या करू लागला. बाप आणि लेक त्याच्या पाठीमागे उभं राहून ऐकत होती.