जावईबापूंचं नाक

आमच्या जावईबापूंच्या नाकाला तोड नाही. दाढीच्या आवडत्या साबणाशी जुळणारं आफ्टरशेव्ह हवं म्हणून सुट्टीची अख्खी सकाळ त्यांनी दुकानात घालवली. मी सोबत होते, म्हणून सांगते. दुकानदाराने काढलेली प्रत्येक बाटली ते हुंगून परत करत होते. "लिंबू ठीक आहे हो, पण साबणात त्याच्यामागून ओल्या लाकडाचा वास येतो. तो यात कुठाय?"

शेवटी एक बाटली पसंत पडली. लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

रात्रभर जागलेली माझी लेक वाटच बघत होती. "तासभर पडते, तेवढं बघा," म्हणत तिने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि आत गेली. थोड्याच वेळात वास माझ्यापर्यंत, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत पोचला. पण म्हटलं, एवढं तयार नाक बाळाजवळच असताना आपण कशाला मध्ये पडा? मी भांडी विसळत राहिले.

बाळ रडून लाल झालं, तेव्हा लेकच डोळे चोळत बाहेर आली.

"अहो, लंगोट कधीचा भरलाय. वास नाही आला?"

"नाही बुवा. सकाळपासून माझं नाक जरा चोंदलंय."

लेकीने लंगोट सोडला, बाळ माझ्याकडे दिलं आणि नवी बाटली उघडली.

 

मग लंगोटावर चार थेंब शिंपडून तो तिने त्यांच्या नाकाखाली धरला. "आता सांगा, साबणाशी जुळतंय का?"