धुळीची टोपी

प्रत्येक इमारतीला आत्मा असतो आणि तो छतात राहतो, असं फिटरचं ठाम मत होतं. दर सहा महिन्यांनी तो फुंकर मारून साफ करावा लागतो, एवढंच.

आगीचे अलार्म बसवण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन बायकोबरोबर प्रवासाला निघाला तरी मान वरच. स्टेशन असो, लायब्ररी असो, हा आधी छताला भेटणार, मग माणसांना. या खेपेला बायकोने एकच गोष्ट मागितली होती. संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात एक चित्र आहे, ते दोघांनी शेजारी उभं राहून बघायचं. तिने ते मासिकात पाहिलं होतं, पान कापून कपाटात ठेवलं होतं. कसलं चित्र, हे त्याने विचारलं नव्हतं.

दालन पाचला बंद होणार होतं आणि उद्या पहाटे त्यांची परतीची गाडी होती. पावणेपाचला दोघं लांबलचक गॅलरीतून चालले होते. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरलं होतं आणि त्यातून माणसं पाण्याखाली चालावीत तशी चालली होती, हलकी, बिनआवाजाची. फिटरला आपले पाय मागेच कुठेतरी राहिल्यासारखे वाटत होते.

मग तो थांबला. दालनाच्या दाराबाहेर, वर, धूर हुंगणाऱ्या एका डिटेक्टरवर अजून तांबडी प्लास्टिकची टोपी होती. बसवताना धूळ आत जाऊ नये म्हणून घालतात ती. रंगारी गेले की काढायची. राहिली, तर खाली होळी झाली तरी डिटेक्टरला पत्ता नाही, आणि अलार्मच्या पॅनेलवर दिवा मात्र हिरवागार.

"अहो," बायको म्हणाली.

"तू हो पुढे. आलोच."

हे 'आलोच' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. ती एकटीच आत गेली.

फिटरने पहारेकऱ्याला टोपी दाखवली. पहारेकऱ्याने वर पाहिलं, बहुधा नोकरीत पहिल्यांदाच.

"हा आमचा सगळ्यांत गुणी, काका. बावीस वर्षांत एकदाही ओरडला नाही."

"ओरडेल कसा? तोंड बांधलंय त्याचं."

यावर साहेबांची परवानगी लागेल, असं पहारेकरी म्हणाला. मग साहेब रजेवर आहेत, असंही म्हणाला. मग टोपीकडे पुन्हा एकदा बघून झाडूवाल्यांच्या खोलीतून शिडी घेऊन आला.

फिटर चढला. वरची हवा वेगळीच होती, कोमट आणि जुनी. खाली पहारेकऱ्याचं टक्कल लहान लहान होत गेलं. कुठल्याशा दालनात कुणीतरी खोकलं, तेही दुसऱ्या गावात खोकल्यासारखं. टोपी निघताना बारीकसा उसासा ऐकू आला. डिटेक्टरचा की आपला, हे फिटरला सांगता आलं नसतं. फडकं नव्हतं म्हणून त्याने शर्टाच्या बाहीने ती पांढरी डबी पुसली, हळूहळू, झोपलेल्या पोराचं तोंड पुसावं तशी. किती वेळ पुसत होता कोण जाणे. आपण उतरायलाच नको, असंही त्याला एकदा वाटून गेलं.

तो उतरला तेव्हा पहारेकरी शिडी सोडून दार ओढून घेत होता. बायको सगळ्यांत शेवटी बाहेर आली. एका हाताने मान चोळत होती.

"कसं होतं?" फिटरने विचारलं.

"मोठं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग, आणि ढगांत माणसं."

पहारेकऱ्याने कुलूप घातलं, एकदा ओढून पाहिलं.

"जाऊ दे," फिटर टोपी खिशात घालत म्हणाला, "मला मेल्याला चित्रातलं काय कळतंय."

"हे कळलं असतं," बायको म्हणाली. "हे छतावर आहे."