मध्यवर्ती समितीचे पाहुणे

"आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करू, मग बोलू," ग्वाक म्हणाले, आणि तिघेही चटईवर गुडघे टेकून कपाळ लागेपर्यंत वाकले.

इन्ग्यूची आई बघतच राहिली. तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाच्या पाटीपुढं नव्या तांदळाचा भात, नासपती, उकडीच्या करंज्या असा सगळा नैवेद्य मांडलेला होता. पक्षात गेल्यापासून तिचा मुलगा सणाच्या दिवशी या पाटीपुढं उभासुद्धा राहत नसे. मेलेल्यांना कसलं जेवू घालतेस, जिवंतांना घाल, म्हणायचा. आणि हे त्याचे पुढारी! पोरापेक्षा यांना वळण बरं, असं तिला वाटलं.

चुसोकला, सुगीच्या सणाला, घरोघरी पाहुणे येतातच. सेऊलच्या पूर्व वेशीबाहेरच्या त्या गल्लीत तिघांकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नव्हतं. सासरकडचे नातेवाईक म्हणून आत आले आणि दार लागल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "मध्यवर्ती समिती."

हे नाव तिनं इन्ग्यूच्या तोंडून ऐकलं होतं. उन्हाळ्यात शेवटच्या राजाच्या अंत्ययात्रेला जपानी राजवटीविरुद्ध मोर्चा निघाला, पत्रकं उडाली, आणि समितीतली बहुतेक माणसं तुरुंगात गेली. उरलेल्यांनी नवी समिती केली म्हणत. त्यांचे चेहरे कुणाला माहीत असणार? ग्वाक चष्मेवाले, पोक्त. थाक आडदांड, वर्तमानपत्रात काम करतो म्हणाला. तिसरा योम, इन्ग्यूच्याच वयाचा.

"पोरगा बरा आहे ना?" ग्वाकनी विचारलं.

"मांचुरियाला गेला. खुशालीसुद्धा कळवत नाही मेला." जाताना इन्ग्यूनं तिच्याकडून हेच घोकून घेतलं होतं.

थाक हसला. "गोळी लागलेल्या पायानं मांचुरिया? मग मी चंद्रावर जाऊन आलो!"

तिनं पाटीपुढची थाळी उगाच सरळ केली.

"आई, आडपडदा ठेवत नाही," ग्वाक म्हणाले. "समितीची बैठक आज इथंच घ्यायची आहे. विषय तुमच्या मुलाचा आहे."

ती उठायला लागली. ग्वाकनी हातानं थांबवलं. "बसा. आईच्या पाठीमागं मुलाबद्दल बोलणं मला पटत नाही."

थाकनं गुडघ्यावर थाप मारली. "सरळच सांगतो. पक्षाच्या छापखान्यावर पोलिसांची धाड पडली. सगळे पकडले गेले, एकटा इन्ग्यू निसटला. कसा? मला तर कुणीतरी त्याला मागचं दार उघडून दिलेलं दिसतंय."

"तोंड सांभाळ!" योम उसळला. "एका वाडग्यात जेवलोय आम्ही. इन्ग्यू जीव देईल, नाव देणार नाही."

"मग उभा कर त्याला समोर. बोलू दे."

"कुठून उभा करू? कुठं आहे ते माहीत असतं तर कालच गेलो नसतो का?"

योमचा आवाज चिरकला. म्हातारीला वाटलं, याच्या डोक्यावरून हात फिरवावा.

ग्वाकनी चष्मा काढून पुसला. "नियम सगळ्यांना सारखा आहे. ज्याची बाजू ऐकता येत नाही, त्याचं नाव कमी करायचं आणि शाखाशाखांत कळवायचं, हा माणूस फितूर आहे म्हणून. मत द्या."

थाकचा हात वर गेला. योमनं मान खाली घातली. ग्वाकचा हात सावकाश उचलला जाऊ लागला.

इन्ग्यूच्या आईनं तुरुंगाची तयारी ठेवली होती. पोराचं प्रेत घरी येईल, याचीही मनाशी कितीदा तालीम केली होती. पण फितूर? जपान्यांचा खबऱ्या? ज्यांच्यासाठी त्यानं घरदार सोडलं, तेच त्याच्या नावानं थुंकणार? हे तिला सोसवेना.

"थांबा हो," ती म्हणाली. "हात खाली घ्या. त्यालाच विचारा. यांगजूच्या डोंगरात माझ्या भावाची कोळशाची भट्टी आहे. मागच्या खोपटात पडलाय. पाय सुजलाय. पळून जाणारा असा पडून राहील का, तुम्हीच सांगा!"

ग्वाकनी हात खाली घेतला. थाकनं तिची माफी मागितली. योमच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उद्यापर्यंत त्याच्याकडे औषध पोचेल," ग्वाक म्हणाले. "मग शांघायची वाट."

अळकुड्यांचं कढण ते घेईनात, घाई होती. तिनं करंज्या फडक्यात बांधून योमच्या हाती दिल्या. "गरम करून खा म्हणावं. आणि सांग, आईनं तुझी बाजू राखली."

ते गेले. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली. नैवेद्याचा भात तिनं पोटभर खाल्ला आणि विहिरीपाशी भांडी घासायला बसली.

उन्हं कलताना परसदारी नासपतींची टोपली घेऊन एक बाई आली. रेशमाच्या गिरणीतल्या बायकांची असतात तशी उकळत्या पाण्यानं सोललेली बोटं, सारखा खोकला. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"इन्ग्यूची आई ना? मी समितीची आहे."

"या की! आज माझ्या घरी रांगच लागलीय तुमची. करंज्या खाऊन जा."

"बसत नाही, आई. मी आणि आणखी एक, एवढ्याच बाहेर उरलोय. ती म्हातारी आहे, तिला चालवत नाही, म्हणून मी आले. बाकी सगळे आत आहेत."

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"निरोप छोटासाच आहे," बाई हळू आवाजात म्हणाली. "इन्ग्यूवर आमच्यातल्या कुणाचाही कधी संशय नव्हता. आणि तो कुठं आहे ते मला सांगू नका. समितीतलं माणूस ते कधीच विचारत नाही."